चार दिवसांत माणूस बदलला तर: मेंदूची ऑटोइम्यून सूज घरच्यांनी कशी ओळखायची

लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेली मुलगी. आठवडाभर बारीक ताप, डोकं दुखतंय अशी तक्रार, मग झोप उडते. रात्री दोनला मैत्रिणींना उठवून ती सांगते की मेसच्या डाळीत कुणीतरी काहीतरी कालवलंय. घरी फोन जातो. वडील म्हणतात अभ्यासाचा ताण आलाय, मामा म्हणतात चार दिवस गावी आणा, आजी म्हणते बाहेरचं असंल, अमावस्या होऊ द्या. तोवर मुलगी बोलायचीच बंद होते आणि तिला पहिली फिट येते.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण असे पेशंट ज्यांनी वॉर्डात पाहिलेत त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. तिला असू शकणाऱ्या आजाराचं नाव ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. जंतूंशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं, त्यातल्या काही मेंदूच्या पेशींवरच जाऊन चिकटतात आणि मेंदूचं काम बिघडतं. तरुण मुलींमध्ये आणि लहान मुलांमध्ये जास्त दिसणारा प्रकार एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या (मेंदूच्या पेशींवरच्या, संदेश पकडणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या) अँटिबॉडीचा. या अँटिबॉडी २००७ साली जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधल्या. त्याआधी अशा पेशंटची गणना 'वेडाचा झटका' नाहीतर 'कारण न सापडलेला मेंदूज्वर' यातच व्हायची.

आजार दुर्मीळ आहे. झोप उडालेल्या, घाबरलेल्या दहा तरुणांपैकी बहुधा एकालाही तो नसतो, त्यामुळे हे वाचून प्रत्येक चिडचिड्या पोराला एमआरआयला नेऊ नका. पण ज्याला असतो त्याच्यासाठी दिवस मोजावे लागतात. उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू झाले तर माणूस बरा होण्याची शक्यता वाढते. सुरुवातीचे बदल डॉक्टरांना दिसत नाहीत, ते घरात दिसतात. म्हणून हा लेख घरच्यांसाठी.

पहिलं काम: तारखा मांडा

वेगवेगळ्या लक्षणांच्या यादीपेक्षा एकच प्रश्न जास्त कामाचा आहे: हा माणूस पूर्ण ठीक होता असा शेवटचा दिवस कोणता? न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टर मंडळींनी २०१६ मध्ये या आजाराच्या निदानाचे जे निकष मांडले, त्यात पहिलीच अट वेगाची आहे. स्मरणशक्ती, शुद्ध किंवा वागणं यातला बिघाड तीन महिन्यांच्या आत झपाट्याने वाढलेला असला पाहिजे. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांतच वाढतो. स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुतेक वेळा महिनोन्‌महिने हळूहळू आत शिरतो. पोरगं वर्षभर एकलकोंडं होत गेलं असेल तर गोष्ट वेगळी. दिवाळीत फराळ वाटत फिरणारी सून तुळशीच्या लग्नाला नवऱ्याला ओळखेना, तर गोष्ट फार वेगळी.

भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. ज्यावर दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहिता, त्यावरच लिहा. असं काहीसं:

१२ तारीख: ताप, डोकं दुखलं, मेडिकलमधून गोळी आणली.
१७: रात्रभर जागी. घरात येरझाऱ्या.
१९: भावाला म्हणाली तू माझा भाऊ नाहीस.
२०: एकच वाक्य वीस-वीस वेळा.
२२: जेवली नाही. डावा हात आखडला, दोन मिनिटं शुद्ध नव्हती.

एवढ्या पाच ओळींतून डॉक्टरला जे कळतं ते 'लई दिवसांपासून कशीबी करायलीय' या वाक्यातून कळत नाही. आपल्याकडे अडचण अशी की पेशंटसोबत राहणारा माणूस आणि दवाखान्यात नेणारा माणूस वेगळे असतात. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर, लेकरू आजीजवळ, आणि दवाखान्यात घेऊन येतो चुलता, ज्याने त्याला महिनाभर पाहिलेलंच नसतं. अशा वेळी आजीला गाडीत बसवा. निदान तिचा फोन लागेल आणि ती तो उचलेल एवढी व्यवस्था करा.

दुसरं काम: मनाच्या आणि शरीराच्या खुणा एकत्र बघा

एनएमडीए प्रकारात बऱ्याच जणांना आधी सर्दी-तापासारखं काहीतरी होऊन जातं. कणकण, डोकेदुखी, कधी उलट्या-जुलाब. ते बरं झालं असं वाटत असतानाच वागणं पालटतं. सगळ्यात आधी बहुतेकदा झोप जाते. मग भीती, संशय, उगाच रडणं-हसणं, देवाशी बोलणं, आपल्यात काही शक्ती आली आहे असं वाटणं, कपड्यांचं भान नसणं. इथपर्यंत हे मानसिक आजारासारखंच दिसतं, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलंत तर त्यात काहीच चूक नाही. असे कितीतरी पेशंट पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात आणि सावध तज्ज्ञच त्यांना पुढे पाठवतात.

पण पुढच्या काही दिवसांत शरीराची भर पडते. ती कशी ओळखायची?

बोलणं बघा. आधी अखंड बडबड, मग तेच-तेच शब्द, मग आपण विचारलेलंच परत म्हणणं, मग पुटपुट आणि शेवटी मौन. रुसून गप्प बसलेला माणूस डोळ्यांनी तरी उत्तर देतो, यात तेही राहत नाही.

तोंड आणि हात बघा. ओठ चाटणं, जीभ आत-बाहेर, रिकामं चघळणं, दात खाणं, बोटं पेटी वाजवल्यासारखी हलत राहणं. हे मुद्दाम केलेले चाळे नसतात. थांब म्हटलं तरी थांबत नाहीत.

आखडणं बघा. तुम्ही वर केलेला हात तसाच वर राहतो. नजर एकाच जागी. घास तोंडात ठेवला तर गिळायचा विसरल्यासारखा तिथेच राहतो, म्हणून अशा माणसाला बळजबरी भरवू नका. घास श्वासनलिकेत जातो.

फिट आली का? आधी कधीही मिरगी नसलेल्या माणसाला वागणं बदलल्यानंतर फिट आली, तर 'टेन्शनमुळं झालं' हे उत्तर कुणाचंही ऐकून घेऊ नका. साध्या ताणाने मेंदूची फिट येत नाही. वागण्यातला झपाट्याचा बदल आणि नवी फिट ही जोडी घरात दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

आणखी पुढच्या टप्प्यात नाडी आणि रक्तदाब कधी खूप वर, कधी खाली जातात. घाम, लाळ, कारण न सापडणारा ताप. काहींचा श्वास मंदावतो आणि व्हेंटिलेटर लागतो. ही वेळ घरी यायलाच नको.

लहान लेकरांत क्रम उलटा असू शकतो. फिट, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली, चालताना तोल जाणं हे आधी दिसतं. वागण्यातला बदल 'हट्टी झालंय' म्हणून सोडून दिला जातो. नीट बोलणारं चार वर्षांचं पोर बोलणं विसरलं तर तो हट्ट नाही. आणखी एक: लेकराला हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर होऊन गेला असेल, ते बरं होऊन घरी आलं आणि काही आठवड्यांत पुन्हा चिडचिड, झोप नाही, विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर जंतूच परत आला असं धरून बसू नका. हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर अँटिबॉडीचा हा दुसरा आजार उद्भवू शकतो, मोठ्यांतही.

बाळंतिणीबद्दल थोडं वेगळं सांगावं लागतं. प्रसूतीनंतर बाई बरळायला लागली की 'बाळंतवात' म्हणून खोलीत ठेवलं जातं. बाळंतपणानंतरचा मानसिक आजार खरा असतो, तोही तातडीचा असतो, आणि त्याला उपचार आहेत. पण त्यासोबत ताप, फिट, आखडणं किंवा जोराची डोकेदुखी असेल तर मेंदूची तपासणी झालीच पाहिजे. मेंदूच्या शिरेत गुठळी हेही एक कारण असू शकतं.

म्हाताऱ्या माणसातला प्रकार वेगळाच दिसतो

पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांत, जास्त करून पुरुषांत, एलजीआय१ नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा प्रकार आढळतो. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण तो 'वय झालं' या दोन शब्दांखाली सहज झाकला जातो.

सुरुवातीला एका बाजूचा हात झटकन आखडतो आणि त्याच बाजूचा गाल ओढला जातो. दोन-तीन सेकंद, बस्स. चहाची बशी सांडते, हातातली भाकरी पडते, माणूस स्वतःच म्हणतो 'हात सटकला'. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा, कधी शंभरच्या घरात. शुद्ध जात नाही म्हणून कुणी त्याला फिट म्हणत नाही. काही आठवड्यांत स्मरणशक्ती ढासळते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची पहाट तपशिलात सांगणारे आजोबा सकाळी जेवलो हे विसरतात आणि दहा मिनिटांत तीनदा विचारतात, 'जेवण कधी?' वयामुळे येणारा विसराळूपणा वर्षांच्या गतीने वाढतो. हा आठवड्यांच्या गतीने वाढतो.

अशा पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तात सोडियम कमी सापडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाचं सोडियम कमी आलं की सलाईन लावून घरी पाठवतात, आणि बऱ्याचदा ते योग्यही असतं. पण सोडियम पुन्हा पुन्हा कमी येतंय, हात झटके देतोय आणि आठवण जातेय असं तिन्ही असेल तर तो रिपोर्ट घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. या झटक्यांना फिटच्या गोळ्या अनेकदा पुरत नाहीत. स्टिरॉइडसारख्या इम्युनोथेरपीने (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या उपचारांनी) ते थांबतात, आणि वेळेत थांबले तर आठवण वाचण्याची शक्यता वाढते.

तिसरं काम: मोबाईल बाहेर काढा

डॉक्टरसमोर हात झटकत नाही, जीभ बाहेर येत नाही, हा नेहमीचा अनुभव. म्हणून व्हिडिओ काढा. चेहरा आणि दोन्ही हात एका फ्रेममध्ये दिसतील इतक्या अंतरावरून, उजेडात, निदान मिनिटभर. मधे नाव घेऊन हाक मारा म्हणजे प्रतिसाद आहे की नाही ते कळेल. फिट चालू असेल तर एकाने सांभाळायचं (हातपाय दाबून धरायचे नाहीत) आणि एकाने व्हिडिओ. एकटे असाल तर आधी माणूस सांभाळा. हा व्हिडिओ डॉक्टरसाठी आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. उद्या त्या मुलीला बरं होऊन त्याच गावात राहायचंय.

फिट आली तर त्या क्षणी

कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, चूल आणि टोकदार वस्तू दूर. कांदा, चप्पल हुंगवू नका. दातांत चमचा किंवा बोट घालू नका. पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, एका फिटनंतर शुद्धीवर न येता दुसरी आली, श्वास अडकतोय असं वाटलं, तर १०८ ला फोन.

देवऋषी, भगत आणि दवाखाना

यावर भाषण देणार नाही. भानामती, लागीर, वारं हे शब्द मराठवाड्यातल्या घराघरांत आहेत आणि आजीला त्यावरून खजील करून पेशंट लवकर दवाखान्यात पोचत नाही. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडीत बसल्यावर. उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी, साखळीने बांधणं, मारहाण मात्र एक मिनिटही नको. आखडलेल्या, ताप असलेल्या माणसाचा यात जीव जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

हेच चित्र दुसऱ्या कशाचंही असू शकतं

घरी बसून हा आजार पक्का करता येत नाही, करूही नये. टीबीचा मेंदूज्वर, हर्पिसचा मेंदूज्वर, डोक्यात गेलेला मलेरिया, दारू अचानक बंद केल्यावरचा भ्रम, साखर किंवा सोडियम घसरणं, धोतऱ्याचं बी पोटात जाणं, कापसावर फवारणी करताना झालेली विषबाधा, काही महिन्यांपूर्वी कुत्रं चावल्यावरचा रेबीज, या सगळ्यांत माणूस बरळतो. यातली काही तासांत मारतात. म्हणून डॉक्टरांनी न विचारताही सांगा: कुत्रं चावलं होतं का, फवारणी केली का, दारू कधी सोडली, घरात कुणाला टीबी आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. दवाखान्यात अँटिबॉडीचा रिपोर्ट यायच्या आत हर्पिसवरचं औषध सुरू केलं तर घाबरू नका. हर्पिसची तपासणी येईपर्यंत ते देणं बरोबर आहे.

कुठे जायचं, काय बोलायचं

गावच्या डॉक्टरांनी सलाईन लावून एक रात्र बघूया म्हटलं तर, साध्या तापासाठी ठीक. वागणं बदललंय आणि फिट आली आहे, तर रात्र घालवू नका. फिजिशियन, न्यूरॉलॉजिस्ट, आयसीयू आणि एमआरआय जिथे मिळेल तिथे जायचं. मराठवाड्यात त्यासाठी मोठी सरकारी ठिकाणं म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरचं आणि अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी न्यूरॉलॉजिस्ट आहेत का ते विचारा. नांदेडकडचे लोक हैदराबादला आणि धाराशिवकडचे सोलापूरलाही जातात. अंतर आणि खर्च बघून ठरवा, पण आठवड्यात चार दवाखाने बदलत फिरू नका. प्रत्येक ठिकाणी तपासणी पहिल्यापासून सुरू होते आणि दिवस जातात.

ओपीडीच्या गर्दीत तुम्हाला दोन मिनिटं मिळतील. तेवढ्यात एवढंच बोला: 'अमुक तारखेपर्यंत ठीक होती. इतक्या दिवसांत असं-असं झालं. आधी मिरगी किंवा मानसिक आजार नव्हता. मेंदूला सूज असू शकते का, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस बघावा लागेल का?' मग कॅलेंडर आणि व्हिडिओ पुढे करा. गूगलवर वाचलं असं म्हणायची गरज नाही.

तपासण्या, आणि कमरेतल्या पाण्याची भीती

एमआरआय होईल. तो नॉर्मल आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि पेशंट घरी नेतात. इथेच घात होतो. एनएमडीए प्रकारात निम्म्याहून जास्त जणांचा पहिला एमआरआय नॉर्मल असू शकतो. ईईजी, म्हणजे मेंदूचा पट्टा, हा तुलनेने बहुतेकांत बिघडलेला सापडतो.

खरी अडचण येते कमरेतून पाणी काढताना, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा नमुना सुईने घेताना. 'पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' असं सांगणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. डोक्यात दाब वाढलेला नाही ना, रक्त गोठण्यात अडचण नाही ना, हे डॉक्टर आधी तपासतात. या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत का, साखर-प्रथिनं किती, टीबी-हर्पिस आहे का हे बघतात, आणि अँटिबॉडीसाठी नमुना पाठवतात. एनएमडीए अँटिबॉडी रक्तात न सापडता पाण्यात सापडू शकतात, म्हणून दोन्ही नमुने जावेत असा आग्रह धरा. ही तपासणी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जाते, रिपोर्टला दिवस लागतात. २०१६ चे निकष मुद्दाम असे केले आहेत की बाकीची कारणं तपासून झाली आणि चित्र जुळत असेल तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करता यावेत. डॉक्टरांना हा प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही.

मुलींमध्ये पोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगितला तर 'डोक्याच्या आजाराला पोट कशाला' म्हणून नाकारू नका. अंडाशयातली टेराटोमा नावाची गाठ काहींमध्ये या अँटिबॉडींचं मूळ असते. २०१३ मध्ये एनएमडीए प्रकाराच्या ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या साधारण ४६ टक्के स्त्री-रुग्णांत गाठ सापडली होती. गाठ काढल्याशिवाय आजार आटोक्यात येणं अवघड. लग्नाआधी मुलीचं ऑपरेशन, लोक काय म्हणतील, या चर्चेत आठवडा घालवलेले लोक असतात.

उपचार आणि पैसा

सुरुवातीला शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, मोठ्यांना साधारण रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्यासोबत किंवा त्यानंतर आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं, शिरेतून द्यायचं औषध), एकूण वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून. नाहीतर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव, यंत्राने बदलणं. याने फरक पडला नाही तर रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्या ५७७ जणांच्या अभ्यासात पहिल्या टप्प्याच्या उपचारांनी चार आठवड्यांत साधारण निम्म्यांना फरक पडला होता. म्हणजे निम्म्यांना पडला नव्हता. पाच इंजेक्शनं झाली, काही फरक नाही, आता घरी न्या, असं ठरवण्याआधी दुसऱ्या टप्प्याबद्दल विचारा. दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्यांत ८१ टक्के लोक स्वतःचं स्वतः करण्याइतके बरे झाले होते.

मानसिक लक्षणांसाठी औषध लागतं, पण अशा पेशंटमध्ये काही अँटिसायकोटिक औषधांनी अंग ताठ होणं, ताप चढणं असं होऊ शकतं. गोळी सुरू केल्यावर असं काही दिसलं तर लगेच सांगा. स्वतःहून गोळी बंद करू नका.

आयव्हीआयजी महाग आहे. पन्नास किलोच्या माणसाला १०० ग्रॅम लागतं, त्यामुळे वावर विकायच्या गोष्टी सुरू होतात. त्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते लेखी विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो, पण त्याला दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते पहिल्याच दिवशी मागा. प्लाझ्मा बदलणं तुलनेने स्वस्त पडू शकतं का, हेही डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न त्यांना रोज ऐकू येतो, लाजू नका.

घरी आल्यावर

बरं होणं महिन्यांनी मोजायचं. आधी शुद्ध येते, मग बोलणं, आणि चिडचिड, विसरणं, जास्त झोप हे सगळ्यात शेवटी जातं. या काळात 'आता नाटकं करते' असं म्हणणारे भेटतात. परीक्षेचं वर्ष गेलं तर जाऊ द्या.

स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. साखर आणि रक्तदाब तपासत राहायचं. फिट येऊन गेली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मोटरसायकल, ट्रॅक्टर, विहिरीवर एकट्याने जाणं, चुलीपाशी एकटं बसणं बंद. मुलींची पोटाची सोनोग्राफी पुढची काही वर्षं ठरावीक अंतराने.

आजार परत येऊ शकतो. त्याच अभ्यासात दोन वर्षांत साधारण १२ टक्के लोकांना तो पुन्हा झाला. पुन्हा झोप उडाली, संशय सुरू झाला, हात झटकू लागला, तर नव्या डॉक्टरकडे नव्याने सुरुवात न करता जिथे उपचार झाले तिथेच जा. फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव, कोणत्या अँटिबॉडी सापडल्या, कोणत्या तारखेला कोणतं औषध दिलं आणि कोणत्या औषधाने त्रास झाला हे लिहून ठेवा. त्या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.